पऱ्याचं अजीर्ण

“वाईच हो, वाईच,” असं म्हणत त्यांचा डाव ताटावर यायचा. आपण ताटावर आडवा हात धरला तरी डाव मागे जायचा नाही. तो हाताच्या वर तसाच थांबायचा, आमटीचा एखादा गरम थेंब मनगटावर पडायचा आणि आपण चटकन हात काढून घ्यायचो. ते तेवढ्याचीच वाट बघत असायचे. वाईच म्हणजे थोडंसं, नावापुरतं. रत्नागिरीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांच्याकडे मात्र वाईच म्हणजे काठोकाठ भरलेला एक डाव.

आग्रह करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नात जिलबीचं ताट घेऊन मागे लागणारे व्याही पाहिले असतील. पण ती माणसं लग्नापुरती तशी असतात, दुसऱ्या दिवशी तुमच्याआमच्यासारखीच हात आखडून वागतात. ह्या गृहस्थांची चक्क खानावळ होती. खानावळवालाच आग्रह करून वाढायला लागला तर खानावळ चालायची कशी, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तो रोज पडायचा. त्या आत चुलीपुढून “भात संपत आलाय हो” असं ओरडायच्या आणि हे बाहेर बहिऱ्यासारखे वाढत राहायचे.

मी मूळचा लांज्याचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रत्नागिरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला आलो आणि गावाच्या टोकाला मला खोली मिळाली. खोलीच्या खाली, उतरणीवर ही खानावळ. जेवणारे सगळे त्यांना ‘यजमान’ म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. आमच्या शाळेतल्या एका बाईंचा डबाही तिथूनच यायचा, आणि त्यांची मोठी पंचाईत व्हायची, कारण बायकांच्या तोंडी यजमान म्हणजे नवरा. एकदा शिक्षकांच्या खोलीत त्या बोलून गेल्या की आज यजमानांनी ताजा बांगडा पाठवलाय, तर नव्याने आलेल्या हेडमास्तरांनी मोठ्या आपुलकीने विचारलं, “तुमचे यजमान मासेमारीत आहेत वाटतं?” त्या दिवसापासून बाई त्यांना ‘ते खालचे’ म्हणू लागल्या.

उंच, थोडे पुढे वाकलेले, खांद्यावर ओला पंचा. वाढून वाढून ते तसे वाकले असावेत, असं आम्ही म्हणायचो. स्वतः कधी जेवायचे ते कुणी पाहिलं नव्हतं.

एकदा एक एसटीचा कंडक्टर घाईघाईने जेवायला आला. गाडी सुटायला थोडाच अवकाश होता. बराच वेळ तो परतला नाही म्हणून ड्रायव्हरने एका उतारूला बघायला पाठवलं. तोही परतला नाही. शेवटी ड्रायव्हर स्वतः तावातावाने आला, तेव्हा कंडक्टर आणि उतारू शेजारी शेजारी बसून सोलकढी पीत होते आणि यजमान तिसरं पान मांडत होते. गाडी त्या दिवशी किती उशिरा सुटली ते मला माहीत नाही. ड्रायव्हर मात्र पुढे कायमचा गिऱ्हाईक झाला.

मला एका पावसाळ्यात तापाने चांगलंच गाठलं. खोलीत एकटा पडलेला. यजमान पेजेचा गडू घेऊन भर पावसात चढण चढून यायचे आणि गडू रिकामा होईपर्यंत दारात उभे राहायचे. मला पेज नकोशी व्हायची, पण तो माणूस दारात उभा आहे म्हटल्यावर मी ती संपवायचो. त्या दिवसांत आईची आठवण फार यायची. तशी आठवण पुढे कधी आली नाही, आणि त्याचं श्रेय मी त्या गडूला देतो.

खानावळीच्या मागच्या दारी पऱ्या होता. तुमच्यापैकी कुणी घाटावरचे असाल तर सांगतो, डोंगरातून उतरणाऱ्या लहान ओढ्याला आमच्याकडे पऱ्या म्हणतात. पावसाळ्यात तो दणदणत जातो, दिवाळीनंतर रोडावतो, उन्हाळ्यात त्याची नुसती धार उरते. हा पऱ्या वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून येऊन खानावळीला वळसा घालायचा आणि खालच्या वाडीकडे जायचा. तिथे एक डोह होता. तो मे महिन्यातही आटत नसे. वाडीतल्या बायका डोहाच्या कडेला वाळूत खड्डा उकरायच्या, त्याला डवरा म्हणतात. वाळूतून झिरपून आलेलं पाणी डवऱ्यात साठायचं, आणि वाडी उन्हाळाभर तेच प्यायची.

यजमानांचं सगळं सांडपाणी ह्या पऱ्यात जायचं. खरकट्या भांड्यांचं, मोरीचं, कपड्यांच्या साबणाचं. पुढे त्यांनी मुक्कामाच्या गिऱ्हाइकांसाठी दोन-तीन खोल्या काढल्या, संडास बांधले. खाली सगळा कातळ. शोषखड्डा खणला तर त्यात पाणी मुरेचना. मग गवंड्याने संडासाच्या टाकीला एक पाइप लावला आणि त्याचं तोंड पऱ्याकडे करून दिलं. तेव्हा सगळेच असं करायचे. वरच्या अंगाला नवी घरं होत होती, त्यांचंही पाणी तिकडेच वळत होतं.

यजमान ह्याच्या एक पाऊल पुढे होते. संध्याकाळी उरलेला भात, माशांची डोकी, भाकरीचे तुकडे असं एका टोपात घेऊन ते मागच्या दारी जायचे आणि पऱ्यात सोडायचे. पाण्यातले मासे गोळा व्हायचे. मी एकदा विचारलं की हे कशाला, तर त्यांना माझाच प्रश्न चमत्कारिक वाटला. “त्यांनी कुनाकडं मागायचं, मास्तर?” असं म्हणाले.

ह्या माणसाला एक थोरली बहीण होती. सगळे तिला आक्का म्हणत. आई लवकर गेल्यावर तिनेच ह्यांना वाढवलं. घरात खायला फारसं नसायचं. आक्का आपल्या पानातला भात हळूच भावाच्या पानात सारायची आणि पोट भरलं म्हणून उठायची, असं वहिनींनी मला एकदा सांगितलं. यजमानांचा डाव एवढा भरून का यायचा, ते मला त्या दिवशी समजलं.

आक्का खालच्या वाडीत दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लहानखुरी, काळीसावळी, बोलायला फटकळ. आठवड्याच्या बाजाराला भाजीची टोपली घेऊन वर यायची आणि परत जाताना खानावळीच्या मागच्या पडवीत बसून जेवायची. त्या दिवशी यजमान पुढच्या पंगतीत कुणाला वाढायला सांगायचे आणि स्वतः पडवीत बसायचे. आक्का एकटीच अशी होती की जिला ते आग्रह करत नसत. ती मागेल तेवढंच वाढायचे.

एका वैशाखात ती बाजारातून आली, पडवीत बसली, आणि वहिनींनी पुढे केलेला पाण्याचा तांब्या तिने घेतला नाही. मी तिथेच हात धूत होतो. यजमानांनी आतून विचारलं की बांगडा तळू की कालवण करू.

“तुझ्या मोरीचं पानी आमी पितो आनी तू मला बांगडा विचारतोस?” आक्का म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. डोहावर हिरवी साय धरली होती. डवऱ्यालाही वास येत होता. वाडीतल्या पोरांना जुलाब लागले होते, आणि बायका आता लांबच्या विहिरीवर जात होत्या. त्या तिला तोंडावर काही बोलत नव्हत्या, पण वरची खानावळ कुणाच्या भावाची ते सगळ्यांना माहीत होतं. यजमान मधेच काहीतरी बोलायला गेले. तिने त्यांना बोलू दिलं नाही.

“डवऱ्याचं पानी पिन्यासारखं होईपर्यंत तुझ्या घरचा दाना माझ्या तोंडात जायचा नाय.”

आवाज चढवला नाही, रडली नाही. टोपली उचलून निघून गेली. यजमान दारात उभे होते, हातात पान तसंच. जगात दुसरी कुठलीही शिक्षा त्या माणसाला एवढी लागली नसती.

मी विज्ञानाचा मास्तर, म्हणून ते माझ्याकडे आले. आम्ही दोघे पऱ्याच्या कडेकडेने डोहापर्यंत चालत गेलो. मला जे काही माहीत होतं ते पुस्तकातलं, पण तेवढ्यावर गोष्ट समजण्यासारखी होती. मी त्यांना सांगितलं की खरकटं, साबण, संडासाचं पाणी हे शेवटी खतच आहे. खत मिळालं की पाण्यात शेवाळ माजतं, ते मेलं की कुजतं, आणि कुजलं की वास मारतो. पाण्याला जेवढं खाणं पचतं त्यापेक्षा जास्त त्यात पडतंय.

ते ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजे पऱ्याला अजीर्ण झालंय म्हना.”

मी म्हटलं, तसंच.

पूर्वी का झालं नाही, तर पूर्वी माणसंही कमी होती आणि पऱ्याला काठ होते. यजमानांच्या लहानपणी दोन्ही कडांना करंज, जांभूळ, उंडी, निगड अशी दाट झाडी होती. खाली दगडांत शेरणीची झुडपं होती. आजूबाजूच्या जमिनीतून जे झिरपायचं ते ह्या मुळांतून गाळून पाण्यात उतरायचं, आणि वर सावली असल्यामुळे शेवाळाला ऊन मिळायचं नाही. ती झाडी कशी गेली? भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायची, त्या भाजावळीसाठी लोकांनी दरवर्षी फांद्यांचं कवळ तोडलं. काहींनी अगदी काठापर्यंत मिरची आणि वांगी लावली. आणि बरीचशी लाकडं खानावळीच्या चुलीत गेली. हे शेवटचं यजमान स्वतःच म्हणाले.

त्यांनी काय करायचं ठरवलं, ते आज एखाद्या मोठ्या संस्थेने केलं असतं तर त्याला भारदस्त नाव दिलं असतं. ते त्यांच्याच शब्दांत बरं वाटतं. संडास बंद करता येत नव्हते, खोल्यांतली माणसं हाकलता येत नव्हती, वरच्या घरांवर तर त्यांची सत्ताच नव्हती. ते म्हणाले, “माझ्याच्यानं जेवढं थांबत नाय, तेवढं खाली झाडांकडनं काढून घेऊ.” म्हणजे आपल्या दारात जी घाण थांबवता येणार नाही, तिच्यावर उतारा म्हणून डोहापर्यंतच्या काठांवर झाडं लावायची.

आधी घरचं केलं. मोरीचं पाणी आणि टाकीचा पाइप पऱ्याकडून वळवून, घरामागच्या मातीच्या पट्ट्यात एक आडवा लांब चर काढला आणि त्यात सोडला. चराच्या कडेला केळी, अळू, कर्दळ दाटीने लावली. उरलेलं अन्न शेजारच्यांच्या म्हशीला जायला लागलं. पऱ्यातल्या माशांचं जेवण बंद झालं, आणि ते यजमानांना फार जड गेलं. कित्येक संध्याकाळी ते सवयीने मागच्या दारी जायचे आणि रिकाम्या हातांनी काठावर उभे राहायचे.

मग काठांचं काम. काठाची काही जमीन सरकारी होती, म्हणून मी त्यांच्या वतीने एका कचेरीत अर्ज लिहून दिला: पऱ्याच्या दोन्ही कडांना झाडे लावण्यास परवानगी मिळावी. कचेरीतले साहेब नुकतेच घाटावरून बदलून आलेले. उत्तर आलं ते मला अजून पाठ आहे. ‘अर्जातील पऱ्या या शब्दाचा बोध होत नाही. अर्जदाराची पऱ्यांविषयीची श्रद्धा व शासकीय जमीन यांचा परस्परसंबंध स्पष्ट करावा.’ साहेबांना वाटलं होतं, एका खानावळवाल्याला सरकारी जमिनीवर पंखवाल्या पऱ्यांसाठी बाग करायची आहे.

मी हसून लोळलो. यजमान हसले नाहीत. त्यांनी पंचा झटकला, कचेरीत गेले आणि साहेबांना जेवायलाच घेऊन आले. साहेबांना काटेरी मासा खायची सवय नव्हती, त्यामुळे ते हळूहळू खात होते, आणि हळूहळू खाणाऱ्याचं यजमानांच्या हातून काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. जेवण झाल्यावर साहेबांना मागच्या दारी नेलं. “अहो, हा तर ओढा आहे,” साहेब म्हणाले. परवानगी मिळाली, शिवाय सरकारी रोपवाटिकेतून रोपंही मिळाली. साहेब त्या दुपारी कचेरीत परत गेले नाहीत, आमच्या पडवीत घोरत पडले होते.

ज्यांच्या जमिनी काठाला होत्या त्यांनी पुष्कळ कुरकुर केली. एवढासा पट्टा सोडायचा म्हणजे मिरचीचा एक वाफा गेला. यजमानांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. एकेकाला जेवायला बोलावलं. पोट भरलेल्या माणसाला नाही म्हणणं किती अवघड असतं, हे त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. त्या पावसाळ्यात करंज, उंडी, जांभळं लागली. निगडीच्या फांद्या नुसत्या खोचल्या तरी जगल्या. पाण्यालगत वाळ्याच्या जुड्या लावल्या. यजमान सकाळची गर्दी संपली की खाली जायचे आणि चिखलाने भरून परत यायचे.

दिवाळी आली. दरवर्षी भाऊबीजेला आक्काच वर यायची, कारण सणालाही खानावळ बंद नसे. त्या वर्षी ती आली, तिने भावाला ओवाळलं, आणि वहिनींनी मांडलेल्या पानाकडे न बघता पायरीवर जाऊन बसली. मग म्हणाली, “झाडं लावलीस, बरं केलंस. पन डोह गेल्या सालापेक्षा हिरवा झालाय.”

आमचा विश्वास बसेना. आम्ही तिघेही खाली उतरलो. डोह खरोखरच पोपटी पडला होता. मी काठाने माघारी वर येऊ लागलो आणि पहिल्याच रोपापाशी थांबलो. रोपाच्या बुंध्याशी काळं आळं होतं आणि त्याला मासळीचा उग्र वास येत होता. पुढच्या रोपाशी तेच. त्याच्या पुढेही तेच. आमच्याकडे नारळाला सुक्या मासळीचं खत घालतात. खानावळीत पूर्णगडहून सुक्या मासळीच्या पाट्या यायच्या, त्यातली खराब निघालेली मासळी आणि शेणखत असं ह्या गृहस्थांनी सबंध पावसाळाभर एकेका झाडाला घातलं होतं. पावसाने ते सगळं धुऊन पऱ्यात नेलं होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मी चिडून विचारलं की हे काय केलंत. ते खाली बघत म्हणाले, “वाईचच घातलं, मास्तर.”

“झाडांनापन जेवायला घातलंस?” आक्का म्हणाली. “जल्लं तुझं वाढनं.”

“उपाशी ठेवू काय, आक्का? लेकरं हायत ती.”

मी सांगायला लागलो की झाडांना आयतं मिळालं तर ती पऱ्याकडे येणारं खाणं अडवणार नाहीत, त्यांची मुळं भुकेलीच राहायला हवीत. मी मुळं, क्षार, माती असं काहीबाही बोलत होतो आणि ते मान हलवत होते, पण त्यांना ते पटत नव्हतं. उपाशी ठेवणं ह्यात काही चांगलं असू शकतं, ही गोष्टच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती. आक्काने मला हाताने गप्प केलं.

“लहानपनी तू शेजारच्यांच्या पडवीत जाऊन जेवायचास,” ती म्हणाली. “भूक होती म्हनून जायचास. घरात पोट भरलं असतं तर गेला असतास काय?”

आक्का तिथूनच आपल्या वाडीकडे निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून यजमानांनी एकेका झाडाच्या बुंध्यातलं खत हातांनी उकरून काढलं, पाटीत भरलं आणि लांबच्या एका नारळाच्या बागेत नेऊन टाकलं. त्यानंतर त्यांनी झाडांना कधी काही घातलं नाही. पण रोज बघायला जायचे. पानं पिवळी पडलेलं एखादं रोप दिसलं की जेवणावेळी त्यांचं लक्ष नसायचं, आणि आम्ही मेंबर लोक त्या दिवशी हलक्या पोटाने उठायचो.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण झाडं वाढण्यात सांगण्यासारखं काही नसतं. एका पावसाळ्यात पऱ्याला पूर आला आणि निम्मी रोपं गेली. ती पुन्हा लावली. कवळ तोडायला लोक आले तेव्हा भांडण झालं, मग असं ठरलं की पाण्यालगतच्या झाडांना कोयती लावायची नाही, मागच्यांचं कवळ घ्यायचं. शेरणी आपली आपण परत आली. वरच्या घरांपैकी काहींनी यजमानांचं बघून परसात चर काढले. काहींनी काढले नाहीत, आणि त्यांना जेवायला घालूनही उपयोग झाला नाही. हळूहळू काठ भरले. पाण्यावर सावली पडू लागली. डोहाची साय आधी कडेला सरकली आणि मग एकेका हिवाळ्यात कमी होत गेली.

दरवर्षी भाऊबीजेला आक्का यायची, ओवाळायची आणि न जेवता जायची. दरवर्षी वहिनी पान मांडायच्या. यजमान त्या पानावर वाढायचे सुद्धा, आणि ती गेल्यावर ते उचलून ठेवायचे. मी एकदा आक्काला म्हटलं की आता पाणी पुष्कळ सुधारलंय, दोन घास खाल्लेत तर काय बिघडलं. ती म्हणाली की पुष्कळ सुधारलेलं पाणी पोरांना पाजता येत नाही. मला तिचा राग आला. एवढ्या म्हाताऱ्या भावाला इतकं ताणायचं कशाला, असं वाटलं. ते मी तिला बोललोही. तिने ऐकून घेतलं आणि टोपली उचलली.

यजमानांना मधुमेह निघाला. पायाला जखम झाली ती बरी होईना. उभं राहून वाढणं संपलं. मग ते दाराशी स्टुलावर बसून वाढप्याला सूचना द्यायचे आणि त्याच्या कंजूष हाताबद्दल त्याला बोल लावायचे. डॉक्टरांनी त्यांना भात बंद केला होता. आम्हाला मात्र यजमानांनी काही बंद केलं नाही.

अशातच एका वैशाखात खालच्या वाडीतून निरोप आला. आक्काने भावाला जेवायला बोलावलं होतं, आणि ‘मास्तरांना घेऊन ये’ असंही सांगितलं होतं. यजमान कुणाकडे जेवायला गेल्याचं मला आठवत नाही. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं. आम्ही पऱ्याच्या कडेने, सावलीतून, थांबत थांबत गेलो. मधे एका करंजाखाली ते टेकले, बुंध्यावर हात ठेवून बसले.

आक्काच्या अंगणात कळशी भरून ठेवलेली होती. तिने आमच्यासमोर तांब्याभर पाणी घेतलं आणि वरून घटाघट पिऊन दाखवलं. मग आम्हाला बसवलं. तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा आणि कैरीची चटणी. “डवऱ्याच्या पान्यातली हाय,” एवढंच ती म्हणाली. डॉक्टरांचं कुणी नाव काढलं नाही. यजमान पेज प्यायले. वाटी खाली ठेवली आणि ते रडायला लागले. मोठा माणूस असा रडताना बघायची सवय नसते, मी चटणीकडे बघत राहिलो. आक्का त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. त्यांचं रडणं ओसरल्यावर म्हणाली, “दिवाळीला येते. जेवते तुझ्याकडं.”

त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत दुसरा विषय नव्हता. भाऊबीजेला आक्काला काय वाढायचं ह्याचा बेत रोज बदलायचा. आज सुरमई ठरायची, उद्या कोंबडी-वडे. परवा वाटायचं, तिला लहानपणी घावन आवडायचे, तेच करावेत. ते आम्हाला विचारायचे आणि आमचं उत्तर ऐकायचे नाहीत. वहिनी म्हणायच्या की एका म्हातारीच्या पोटात काय काय घालणार आहात. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

गणपती झाले आणि थोड्याच दिवसांत यजमान गेले. सकाळी चहाला उठले नाहीत. दिवसकार्य झालं. आक्का सगळ्याला होती, पण त्या दिवसांत घरात कुणाचंच जेवणाकडे लक्ष नव्हतं, आणि ती वाडीतून येऊन वाडीत परत जायची.

दिवाळी आली. घरात सण नव्हता, खानावळ बंदच होती. भाऊबीजेच्या दिवशी मी वहिनींची विचारपूस करायला सहज खाली गेलो होतो. दुपारी मागच्या दाराशी आक्का उभी राहिली. हातात ना आरती ना टोपली. पऱ्याच्या कडेने चालत आली होती, पायांना चिखल होता. वहिनी गोंधळल्या. काही केलेलं नाही, म्हणाल्या, नुसता भात आहे आणि कालची आमटी.

“येते म्हनून सांगितलेलं त्याला,” आक्का म्हणाली. “वाढ.”

वहिनींनी पडवीत पान मांडलं. आक्का बसली. मी दाराशी उभा होतो. ती इकडेतिकडे न बघता, कामाला बसल्यासारखी जेवत होती. चिमणीएवढं खाणारी बाई. पानातलं सगळं संपवलं. मग मान वर करून तिने विचारलं, “अजून भात हाय काय गो?”

वहिनी भात आणायला आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून त्यांचं रडणं ऐकू येत होतं. उष्टा हात वाळून कोरडा झाला तरी आक्का पानावरून उठली नाही.